झिजलेल्या गुडघ्यासाठी ऑस्टिओपॅथी की फिजिओथेरपी?

आई जिना उतरताना कठडा घट्ट धरून प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायला लागली, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरी आला. शेजारच्या काकूंना ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हाताने स्नायू-सांधे ताणून-हलवून उपचार करणाऱ्याकडे, आराम पडला होता. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती फिजिओथेरपीची. दोन्हीकडे जायचं तर सिटिंगचे पैसे आणि रिक्षाची ये-जा दुप्पट.

निवड करण्याआधी दुखणं कोणतं ते पक्कं करा. ‘संधिवात’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण झिजेचा संधिवात वेगळा आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. सकाळी तास-तासभर बोटं वळत नाहीत, सांधे सुजतात. अशा वेळी आधी संधिवाततज्ज्ञ गाठा. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं वेळेवर सुरू झाली तर सांधे वाचू शकतात. हातांच्या उपचारांनी ते काम होत नाही. शिवाय आमवातात मानेचे वरचे मणके सैल पडलेले असू शकतात. तिथे मानेला झटका दिला तर मज्जारज्जूवर बेतू शकतं. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर तेही उपचार करणाऱ्याला आधीच सांगा.

आता झिजेच्या गुडघ्याबद्दल. ऑस्टिओपॅथ नुसता गुडघा बघत नाही. कंबर, खुबा, घोटा, चालण्याची ढब, सगळं तपासतो. मग हाताने स्नायू ताणतो, सांधा हळूहळू हलवतो. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी डॉक्टरांनी 1874 मध्ये या पद्धतीचा पाया घातला. आखडलेले स्नायू सैल होतात, पाय हलका वाटतो आणि कुणीतरी आपलं नीट ऐकून घेतलं याचंही बरं वाटतं. मात्र हा आराम बहुतेकदा थोड्या दिवसांचा असतो, आणि झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांच्या टोकांवरची गादी, हाताने भरून येत नाही.

फिजिओथेरपीत खरं काम आपणच करायचं असतं. पलंगावर पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. रोज. कंटाळवाणं आहे, आणि फरक जाणवायला दीड-दोन महिने लागतात. पण मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की सांध्याला आधार मिळतो, आणि एकदा शिकलेला व्यायाम घरी फुकट होतो. जोडीला वजन उतरवा: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची 2022 ची मार्गदर्शिका झिजेच्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम सुचवते. हाताचे उपचार फक्त गुडघा आणि खुब्यासाठी, तेही व्यायामाच्या जोडीनेच. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची शिफारस आणखी कडक आहे: नुसत्या व्यायामापेक्षा त्यात हाताचे उपचार मिसळून जास्त लाभ होतो असं ती मानत नाही.

म्हणून पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील, तर मी फिजिओथेरपीच सांगेन. आईनेही तीच घेतली. दुखण्यामुळे व्यायामाला सुरुवातच करता येत नसेल, किंवा कंबर आणि खुबाही आखडले असतील, तर ऑस्टिओपॅथच्या दोन-चार सिटिंग घ्यायला माझी हरकत नाही. आराम पडेल त्या दिवसांत व्यायाम मात्र सुरू झालाच पाहिजे.

ऑस्टिओपॅथ निवडताना जपून. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने त्यांची नोंदणी सक्तीची झाली, अमेरिकेत ते पूर्ण डॉक्टर असतात. आपल्याकडे ऑस्टिओपॅथीची तशी वेगळी नोंदणी नाही. मूळ पदवी कोणती, शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं, हे थेट विचारा. दहा सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरू नका. चौथ्या सिटिंगनंतरही जिना तसाच अवघड जात असेल, तर तिथेच थांबा.