कुत्र्याशिवाय, एकट्याने: फेझंट, ग्राउस की चकोर?

अमेरिकेत मिनेसोटात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाला पक्ष्यांच्या शिकारीची ओढ लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुत्रा नाही, सोबत कुणी नाही, मग जमेल का? जमतं. फक्त पक्षी निवडताना बहुतेक जण उलट्या टोकाने विचार करतात. कुठला पक्षी लवकर दिसेल, ते बघतात. बघायला हवं ते हे, की बार लागल्यावर पडलेला पक्षी हाती कुठला लागेल. पक्षी उठवायला दोन पाय पुरतात. पडलेला शोधायला नाक लागतं, आणि ते आपल्याकडे नाही.

बहुतेकांची सुरुवात फेझंटपासून होते, माझीही झाली. मूळचा चीनचा हा पक्षी १८८० च्या दशकात ओरेगनमध्ये सोडला गेला. आज साउथ डकोटा आणि मिनेसोटाचा दक्षिण-पश्चिम भाग, म्हणजे सगळा मक्याचा मुलूख, त्याचं घर आहे. दिसायला राजबिंडा, वागायला पक्का चोर. उडण्याआधी पळतो. तुम्ही गाडीचं दार आपटलंत की तो गवताच्या दुसऱ्या टोकाने निघालाच म्हणून समजा. एकट्याने मोठं रान तुडवण्यात अर्थ नाही. दोन शेतांमधला बांध, एखादा चर, पाणकणसाची चिंचोळी पट्टी असं काहीतरी धरा आणि ते जिथे संपतं तिकडे चाला. वीस पावलं टाका, थांबा, मनात पंधरा आकडे मोजा. पावलं वाजत असतात तोवर तो दबून बसतो. आवाज थांबला की त्याचा धीर सुटतो. पट्टीच्या शेवटी अजिबात घाई नको. पुढे पळालेले सगळे तिथेच अडकलेले असतात.

अडचण पुढे आहे. एक तर फक्त नर मारायची परवानगी. सूर्य समोर असेल तर उठलेला नर की मादी हे ओळखण्यातच पहिला क्षण जातो. दुसरं म्हणजे पंखात छर्रा लागलेला फेझंट खाली पडतो आणि थेट धावत सुटतो. दोन वर्षांपूर्वी माझा एक नर पाणकणसात पडला. पडल्याची जागा डोळ्यांनी धरून ठेवली, तिथे पोचलो, कणसावर टोपी अडकवली आणि तिच्याभोवती गोल गोल वाढवत चाळीस मिनिटं शोधलं. हाती आलं एक तांबूस पीस. त्या दिवशी परत बार काढला नाही. तेव्हापासून माझा नियम: पक्षी जिथे पडेल ती जागा आखूड गवताची किंवा मक्याच्या धसकटांची असेल तरच घोडा ओढायचा, आणि एक पडला की दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. म्हणजे उठलेल्यातले निम्मे पक्षी तसेच जाऊ द्यायचे. कुत्रा नसण्याची किंमत ती.

रफ्ड ग्राउसचा मामला वेगळा. हा उत्तरेच्या जंगलातला, साधारण आपल्या तित्तराच्या जातकुळीतला, पण अंगाने भरलेला. तोडणीनंतर पुन्हा उगवलेलं ॲस्पेनच्या झाडांचं दाट रान, ज्यात खोडं मनगटाएवढी जाड झालीत, तिथे तो हमखास. सकाळी आणि सूर्य कलल्यावर जुन्या लाकूडतोडीच्या वाटांवर क्लोव्हरची पानं आणि बारीक खडे टिपायला येतो, म्हणून वाटेवरून सावकाश चालणाऱ्या एकट्या माणसाला तो कुत्र्याशिवायही भेटतो. इथेही तीच थांबत थांबत चालायची युक्ती. तो उठतो तेव्हा छातीत धडकी भरावी असा फडफडाट होतो, आणि दोन-तीन सेकंदांत झाडाआड गुप्त. नेम चुकतो, खूपदा चुकतो. पण लागला तर थोड्या छर्ऱ्यांनीही पडतो, आणि पडतो तो जवळच, कारण लांबून बार काढायला झाडं जागाच देत नाहीत. वाळल्या पानांवर पंख आपटल्याचा आवाज येतो, त्या रोखाने सरळ जायचं. नर-मादीची भानगड नाही, दिवसाला ५ ची मर्यादा. फेझंटची मिनेसोटात नोव्हेंबरअखेरपर्यंत २. सप्टेंबरात पानं इतकी दाट असतात की नुसतं ऐकू येतं, दिसत काही नाही. ऑक्टोबरात पानगळ झाल्यावर जा. आणि हो, होकायंत्र खिशात असू द्या. त्या रानात सगळ्या दिशा सारख्याच दिसतात.

ग्राउसची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्यात चढते-उतरते, त्यामुळे पहिल्याच वर्षी रिकाम्या हाताने आलात तर सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका.

चकोराचं नाव घेतलं की आपल्याला चांदणं पिणारा पक्षी आठवतो. नेवाडा, आयडाहोच्या उघड्या डोंगरांवर तो चांदणं सोडून गवताचं बी खातो. १८९३ मध्ये त्याला पहिल्यांदा कराचीहून अमेरिकेत आणलं. एकट्याच्या दृष्टीने त्याची एक सोय आहे: तो बोलतो. चक-चक आवाजावरून थवा कुठे आहे ते कळतं. पण तो चढावर पळतो आणि उताराकडे उडतो, म्हणजे तुम्ही धापा टाकत वर पोचेपर्यंत तो खाली. मेलेला पक्षी दोनशे फूट घरंगळत जाऊ शकतो. खडकावर घोटा मुरगळला आणि फोनला रेंज नसली तर काय, याचं उत्तर तयार नसेल तर जाऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: १९७९ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात परवान्याआधी शिकार सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं. एच-१बी व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला अपवाद आहे, तेव्हा आधी परवाना, मग बंदूक. कमरेच्या वर भडक केशरी किंवा गुलाबी काहीतरी हवंच.

माझं मत विचाराल तर पहिला हंगाम ग्राउसचा. वीस बोअरची हलकी बंदूक, साडेसात नंबरचे बारीक छर्रे. पहिला पक्षी साफ करताना गळ्याची पिशवी चिरून बघा. आत क्लोव्हरची हिरवी पानं निघाली तर दुसऱ्या दिवशी वाटेवरच चाला. ॲस्पेनच्या कळ्या निघाल्या तर वाट सोडून आत शिरा.