पोस्टग्रेसची परमिशन-व्यवस्था: पाया पक्का, पण एका कमांडपाशी जपून

काल चाललेला रिपोर्ट आज 'परमिशन डिनाइड फॉर टेबल' म्हणतो, आणि रिव्होक (दिलेला हक्क काढून घेणं) तर कुणीच केलेलं नसतं. पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दलची ही नेहमीची तक्रार. कारण बहुधा एकच असतं: इथे ग्रँट (दिलेला हक्क) टेबलच्या नावावर नसते, त्या टेबलवरच असते. रात्रीच्या जॉबने टेबल ड्रॉप करून (काढून टाकून) त्याच नावाने पुन्हा बनवलं, की ग्रँट्स जुन्या टेबलबरोबर जातात. नवं टेबल भरून रिनेमने अदलाबदल केली तरी तेच. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टेबल ड्रॉप झालं तरी ग्रँट टिकते, त्यामुळे तिथून आलेले लोक इथे हमखास अडकतात. तरीही आमच्या मते पोस्टग्रेसचीच पद्धत बरोबर. त्याच नावाने उद्या भलताच डेटा आला, तर जुने हक्क त्याला आपोआप लागू होऊ नयेत.

शोधायच्या सोयीला पूर्ण गुण. आधी एररमध्ये 'टेबल' आहे की 'स्कीमा' (टेबलांचा गट) ते वाचा. स्कीमा असेल तर यूसेज, म्हणजे त्या स्कीमात शिरायचा हक्क, गेलेला आहे. मग पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनात बॅकस्लॅश-डीपी चालवा, हक्कांची यादी दिसते. 'रिपोर्टर=आर/लोडर' याचा अर्थ लोडर या रोलने (युजर-खात्याने) रिपोर्टर या रोलला वाचायचा हक्क दिलाय. हक्कांचा कॉलम रिकामा दिसला तर हक्क फक्त मालकाकडे आहेत, म्हणजे बहुतेक टेबल नव्याने बनलंय.

गुण कापायचे ते 'अल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस'चे. 'ग्रँट ऑन ऑल टेबल्स' फक्त त्या घडीला असलेल्या टेबलांना लागतं, म्हणून पुढच्या टेबलांसाठी ही कमांड. पण 'फॉर रोल' लिहिलं नाही, तर ती कमांड चालवणाऱ्या रोलने बनवलेल्या टेबलांपुरतीच राहते. ॲडमिनने चालवली, टेबल बनवतो लोडर: परिणाम शून्य, आणि एररही नाही. 'फॉर रोल लोडर' लिहाच, आणि बॅकस्लॅश-डीडीपीने (ठरवलेले डिफॉल्ट हक्क दाखवणारी कमांड) खात्री करा. त्याहून सोपं म्हणजे ड्रॉप टाळणं. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) आणि इन्सर्ट केलं की ग्रँट्स जागच्या जागी राहतात; मात्र कमिट होईपर्यंत (बदल पक्के होईपर्यंत) टेबल वाचणारे खोळंबतात. व्ह्यूसाठी (नाव देऊन ठेवलेली क्वेरी) 'क्रिएट ऑर रिप्लेस' वापरा, त्यातही हक्क टिकतात.

रिस्टोअरनंतर हक्क गेले असतील तर रोल्स तपासा. पीजी-डंप हे बॅकअपचं साधन रोल्स घेत नाही. ते पीजी-डंपऑलच्या 'ग्लोबल्स-ओन्ली'ने वेगळे काढून आधी चढवावे लागतात. नाहीतर प्रत्येक ग्रँट 'रोल डज नॉट एग्झिस्ट' म्हणत पडते, रिस्टोअर मात्र पुढे चालू राहतो.

आवृत्ती 14 पासून 'पीजी-रीड-ऑल-डेटा' हा तयार रोल आलाय. नुसत्या वाचणाऱ्या युजरला तो दिला की टेबल कितीदाही बनलं तरी अडत नाही. पण तो सगळ्या स्कीमा उघडतो, पगाराच्या टेबलासकट. त्यामुळे बॅकअप घेणाऱ्या युजरला द्या, रिपोर्टवाल्यांना नको.