बीएमआय की कंबरेचा घेर?

पोटावर चरबी जास्त आहे का, हे घरीच बघायचं तर दोन मापं हाताशी आहेत. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जादा धरतात. पण चरबी किती आणि कुठे, हे त्यातून कळत नाही.

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं सुटलेलं, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून माझा कौल टेपला.

शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पोट आत ओढू नका. पँटच्या नंबरावर तर अजिबात विसंबू नका, ती बहुतेकदा पोटाखालीच बसते. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटर ही आपली मर्यादा. गरोदरपणात हे माप लागू नाही. वजन ठीक असूनही घेर जास्त भरला, तर रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्याच.