लिफाफा पद्धतीचं बजेट ॲप: कामाचं आहे, पण ती दशमांशाची हिरवी टिक बंद करा

घरच्या हिशोबासाठी लिफाफा पद्धतीचं बजेट ॲप वापरतेय, म्हणजे मिळकत आली की प्रत्येक खर्चाच्या नावाने वेगळा लिफाफा भरायचा आणि तो रिकामा झाला की त्या गोष्टीवरचा खर्च तिथेच थांबवायचा. ॲपचं नाव देत नाही, कारण या धर्तीची बरीच आहेत आणि मला जे सांगायचंय ते बहुतेकांना लागू पडेल.

आधी चांगलं सांगते. पैसा खर्चायच्या आधी वाटून ठेवावाच लागतो, बायबलमध्ये लूक 14 मध्ये बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असं प्रभू येशू म्हणतो ना, तेच काम हे ॲप करून घेतं. नवरा-बायको दोघांच्या फोनवर एकच हिशोब दिसतो त्यामुळे लपवाछपवीला जागा राहत नाही. ज्यांच्या डोक्यावर हप्ते आहेत त्यांनी तर नक्की वापरा.

आता ती दशमांशाची, म्हणजे मिळकतीतल्या देवाला द्यायच्या दहाव्या भागाची, टिक. देणगीच्या लिफाफ्यात मिळकतीचे 10 टक्के गेले की 'दशमांश पूर्ण' असं हिरव्या रंगात येतं. दिसायला छान आहे पण मला हे घातक वाटतं, कारण ते बघितलं की मन लगेच म्हणतं देवाचं देऊन झालं, आता उरलेले 90 आपले. अहो, कारभाऱ्याच्या हातात असतं ते सगळंच धन्याचं असतं! लेवीय 25:23 मध्ये देव इस्राएल लोकांना सांगतो की जमीन कायमची विकू नका कारण जमीन माझी आहे, तिचा दहावा भाग माझा असं म्हणत नाही. लूक 16 मधला धनीसुद्धा कारभाऱ्याकडे अख्ख्या कारभाराचा हिशोब मागतो. आणि पुदिना, शेप, जिऱ्याचासुद्धा दशमांश चोख देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाला, येशूने मत्तय 23:23 मध्ये काय सुनावलं ते वाचा, दशमांश द्यायचाच, पण न्याय, दया, विश्वास बाजूला टाकून नाही.

न्यायाचं म्हणाल तर या ॲपमध्ये आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाची मजुरी आणि करमणुकीचं सबस्क्रिप्शन एकाच यादीत येतं, दोन्हीपुढे 'पुढे ढकला' हे बटण. पैसे कमी पडले की बोट नेमकं मजुरीवर जातं, कारण तो माणूस कुरकुर करत नाही. लेवीय 19:13 म्हणतं मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको, आणि याकोब 5:4 प्रमाणे अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते. मी मजुरीचा लिफाफा सगळ्यात वर घेतला, किराण्याच्याही वर. लिफाफ्यांचा क्रम बदलता येतो ही या ॲपची मला सगळ्यात आवडलेली सोय.

अजून एक, मिळकत वाढली की ॲप ती वाढ सगळ्या लिफाफ्यांत आपोआप त्याच प्रमाणात वाटून टाकतं, म्हणजे हॉटेलिंग वाढलं, कपडे वाढले आणि आपण काही ठरवलंसुद्धा नाही. ख्रिस्ती मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने ऑक्सफर्डच्या सुरुवातीच्या मेथडिस्टांपैकी एकाबद्दल लिहिलंय, वर्षाला 30 पौंड मिळायचे तेव्हा त्याने 28 मध्ये भागवून 2 दिले, पुढे 60 मिळाले तरी खर्च 28 च आणि 32 दिले. प्रत्येकाला तेवढं जमेलच असं नाही, घरात लहान मुलं आणि आजारी आईवडील असले की खर्च वाढतोच, पण निदान ती वाढ कुठे जावी हे प्रार्थना करून आपण ठरवावं, सॉफ्टवेअरने नाही.

वेळेचा हिशोब यात नाही, स्वस्तात घेतलेल्या वस्तूमागे कोणाचे हाल झाले तेही कळत नाही, त्यासाठी नोंदीची जागा आहे ती वापरा.

5 पैकी 4 स्टार. घेणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन वाढीची आपोआप वाटणी बंद करा, आणि देणगीच्या लिफाफ्याचं टार्गेट रिकामं ठेवा, मग ती टिक येतच नाही.