रिबन माईक, गिटार अँप आणि जळगावचा कूलर : वर्षभराच्या वापरानंतर

माईक मागच्या आठवड्यात दुरुस्त होऊन परत आला म्हणून आता लिहितोय, बिघडला तेव्हाच लिहिलं असतं तर नुसता राग निघाला असता. कंपनीचं नाव घेत नाही, विकणाऱ्याचंही नाही. साधा पॅसिव्ह रिबन माईक आहे, मधल्या किमतीचा, म्हणजे आतली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी हलून आवाज पकडते आणि त्याला वेगळी वीज लागत नाही. रॉयर कंपनीचा आर-१२१ हा रिबन माईक सगळ्यांना माहितीच आहे, १९९८ ला आला तेव्हापासून गिटार अँपसमोर त्याचंच नाव निघतं, पण तो इकडे हातात पडेपर्यंत लाखाच्या पुढे जातो आणि अहिराणी गाण्यांच्या बजेटमध्ये एवढा पैसा एका माईकला काढणं शक्य नाही भो.

झालं असं की आमच्याकडे कानबाईची (खान्देशातली देवी, तिचा उत्सव श्रावणात) गाणी श्रावणाच्या आधी तयार लागतात, म्हणजे रेकॉर्डिंग सगळं मे-जूनमध्ये. जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, कूलर बंद ठेवून माणूस खोलीत बसूच शकत नाही. टेक झाला की लगेच कूलर चालू, हीच पद्धत. एका टेकनंतर गायकासोबत आलेल्या पाहुण्यांनी कूलर चालू केला आणि त्याचं तोंड सरळ अँपकडे फिरवलं, माईक स्टँडवर तसाच उघडा. पुढच्या टेकला लेव्हल पडलेली, आणि जाड ई तार वाजवली की आत काहीतरी फडफडतंय असा आवाज. केबल बदलली, इनपुट बदलला, तेच.

विकणाऱ्याला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याचं उत्तर काय, तर तुम्ही फँटम (मिक्सर किंवा इंटरफेसमधून केबलवाटे माईकला जाणारी वीज) दिला असेल, वॉरंटीत बसत नाही. अरे पण ऐकून तर घ्या! केबल नीट जोडलेली असेल तर फँटमचे ४८ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही टोकांना सारखेच पोचतात, त्यातून करंट वाहत नाही आणि रिबनला काही होत नाही. त्रास होतो तो केबल शॉर्ट असली, उलटी जोडलेली असली किंवा फँटम चालू असताना पिन काढली-घातली तर. सर्विसवाल्याने माईक उघडून फोटो पाठवला त्यात स्पष्ट दिसतंय, दोन चुंबकांच्या मधली ती नागमोडी घड्यांची ॲल्युमिनियमची पट्टी खालच्या अर्ध्या भागात एका बाजूला पोट सुटल्यासारखी बाहेर आलीय. हवेने ताणलेली पट्टी अशीच दिसते. तरी कागदावर कारण लिहिलं फँटम! पैसे मी भरले, कुरिअर दोन्ही बाजूचं मीच भरलं, त्याबद्दल तक्रार नाही, पण कारण चुकीचं लिहिलं की पुढचा गिऱ्हाईक फँटमला घाबरत बसेल आणि माईक पंख्याखाली ठेवेल. बॉक्समधल्या कागदावर फँटमचा इशारा ठळक अक्षरात आहे, हवेबद्दल एक ओळ नाही. खान्देशात विकायचा असेल तर पहिली ओळ हवेची पाहिजे.

आवाजाचं सांगतो. सुरुवातीला मला पटला नव्हता. वर्षानुवर्षं एसएम५७ ची (शुअर कंपनीचा नेहमीचा डायनॅमिक माईक) सवय, त्याच्यात ५-६ हजार हर्ट्झच्या आसपास जो उठाव आहे त्यामुळे गिटार लगेच पुढे येते, आणि रिबन लावला की वाटलं वरचं सगळं गेलं. पण मिक्समध्ये ढोलकी, कीबोर्ड आणि बाईचा आवाज आला तेव्हा कळलं की ५७ ची गिटार गळ्याशी भांडतेय आणि रिबनची नाही. डिस्टॉर्शनमधला तो कानाला टोचणारा चरचराट गायब. आणि वरचं कमी वाटलं तर इक्वलायझरने वाढवा, रिबन ते छान सहन करतो, कर्कश होत नाही. आता लीडला फक्त रिबन, रिदमला दोन्ही. ५७ अँपच्या जाळीला चिकटवून, रिबन ६ ते ८ इंच मागे आणि किंचित तिरका. दोघांचं फेज जुळवा, म्हणजे दोन्ही ट्रॅकवरच्या लाटा एकाच वेळी वरखाली व्हायला पाहिजेत, नाहीतर आवाज पोकळ होतो, एक फूट फरकाला साधारण ०.९ मिलिसेकंद धरा आणि ट्रॅक सरकवा. रिबन फार जवळ नेला तर बास फुगतो, ते पण लक्षात ठेवा.

गेन बूस्टर (माईकची लेव्हल वाढवणारी छोटी डबी) घ्यायलाच लागतो असं सगळे सांगतात. मी घेतला नाही आणि अँपसाठी लागतही नाही, १२ इंची स्पीकर मोकळेपणी वाजत असेल तर साध्या इंटरफेसवर (माईक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) लेव्हल आरामात मिळते. अकूस्टिक किंवा हळू आवाज घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

मागची बाजू मात्र विसरू नका, हा माईक मागूनही तेवढंच ऐकतो. माझ्याकडे मागे कोरी भिंत होती, आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता, तिथे दोन गोधड्या टांगल्या आणि फरक लगेच कळला. कडेला मात्र तो जवळजवळ बहिरा, म्हणून कॉम्प्युटर मी कडेला ठेवलाय. कूलर कडेला ठेवून भागत नाही हे पुन्हा सांगतो, आवाज कापला जाईल पण वारा खोलीत फिरतोच. टेक संपला की आधी माईकवर कापडी पिशवी, मग कूलर. उचलून नेतानाही पिशवी घालूनच, आणि ठेवताना उभा, आडवा ठेवला तर पट्टी स्वतःच्या वजनाने लोंबते. अजून एक, गिटारच्या तारा त्याच्याजवळ कापू नका, स्टीलचे बारीक तुकडे चुंबकाकडे ओढले जातात आणि जाळीतून आत गेले की पट्टीला भोक पडू शकतं. एमआयडीसीत लेथजवळ खोली असेल तर पिशवी कायम घालूनच ठेवा.

नवीन पट्टीचा आवाज आधीपेक्षा थोडा मऊ वाटतोय, ताण कमी ठेवलाय बहुतेक, लेव्हल ठीक आहे. विकणाऱ्याला फोटोसकट परत लिहिलंय की कागदावरचं कारण बदला. अजून उत्तर नाही.