दंतरोपणाचे नियोजन करणारे एआय सॉफ्टवेअर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेले सहा महिने मी दंतरोपणाच्या नियोजनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एक सॉफ्टवेअर वापरत आहे. प्रत्येक रुग्णाचा आराखडा आधी स्वतः करायचा आणि मगच सॉफ्टवेअरचा उघडायचा, हा नियम मी या काळात कटाक्षाने पाळला.

सर्वाधिक समाधान दिले ते खालच्या जबड्यातील नसेच्या आखणीने. सीबीसीटी स्कॅनच्या (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेच्या) एकेका छेदावर बिंदू देत ही नस हाडातील ज्या नलिकेतून जाते ती हाताने आखायला मला दहा-बारा मिनिटे लागतात. सॉफ्टवेअर ते काम मिनिटभरात करते आणि बहुतेक वेळा त्यात दुरुस्ती करावी लागली नाही. इम्प्लांटचे (हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाचे) टोक आणि नस यांच्यात किमान २ मिलिमीटर अंतर राखायचे असल्याने, दिवसअखेरीस थकलेल्या डोळ्यांना ही मदत फार मोलाची वाटते.

हनुवटीजवळच्या छिद्रापाशी मात्र सावध राहावे लागते. काही रुग्णांत नस या छिद्रातून बाहेर पडण्यापूर्वी थोडी पुढे जाऊन मागे वळते. एका स्कॅनमध्ये सॉफ्टवेअरने हे वळण धरलेच नाही; रेषा थेट छिद्रात नेऊन सोडली आणि सुचवलेला इम्प्लांट नेमका त्या वळणावर आला. छेद पुढे-मागे सरकवून पाहिले, तेव्हा मला ते स्पष्ट दिसले. शेजारी धातूची कॅप असेल, तर स्कॅनमध्ये उमटणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांमुळे हाडाची कडही चुकते.

याहून मोठी उणीव अशी की, दात कुठे यायला हवा यापेक्षा हाड कुठे आहे, याकडे त्याचा ओढा अधिक आहे. वरच्या पुढच्या दातासाठी त्याने हाडाच्या उताराला धरून इम्प्लांट बसवला, तेव्हा दात इम्प्लांटला जोडणाऱ्या स्क्रूचे भोक दाताच्या दर्शनी बाजूला आले. तोंडाचा डिजिटल स्कॅन जोडल्यावर सूचना सुधारल्या, तरी कोन मलाच बदलावा लागला. रुग्ण झोपेत दात खातो का, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषधे घेतो का, हे तर रुग्णाशी बोलल्याशिवाय कळणारच नाही.

नसेच्या आखणीसाठी मी हे सॉफ्टवेअर वापरत राहणार आहे. सर्जिकल गाइड (शस्त्रक्रियेत ड्रिलला दिशा देणारा साचा) मात्र प्रत्येक छेद स्वतः तपासल्याशिवाय छपाईला पाठवत नाही. नलिकेच्या ज्या भागाबद्दल सॉफ्टवेअरला पुरेशी खात्री नसेल, तो निर्मात्यांनी वेगळ्या रंगात दाखवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण आज चुकलेली रेषाही अचूक रेषेइतकीच ठळक दिसते.