‘२४ तास ट्रॉमा सेंटर’ची पाटी आणि नाशिकमधल्या एका कुटुंबाचे गेलेले अडीच तास

नाशिक-पुणे रस्त्यावर पळसे गावाजवळ रात्री एका तरुणाची दुचाकी घसरली. हेल्मेट नव्हतं. लोक जमले तेव्हा तो बोलत होता, घरचा नंबरही त्यानंच सांगितला. १०८ ला कोणी फोन लावायच्या आत एक खासगी रुग्णवाहिका येऊन उभी राहिली. चालक म्हणाला, “काका, सिव्हिलला रात्री कोण बघणार? मी ओळखीच्या ट्रॉमाला नेतो, सगळे डॉक्टर तिथं हजर असतात.” चुलते गाडीत बसले. अशा पेशंटमागे काही चालकांना हॉस्पिटलकडून कट मिळतो, हे या क्षेत्रात वावरणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. घरच्यांना ते त्या रात्री माहीत असण्याचं कारण नव्हतं.

हॉस्पिटलवर ‘२४ तास ट्रॉमा व क्रिटिकल केअर’ अशी उजळलेली पाटी होती. आत एक आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आणि दोन सिस्टर. कपाळाला टाके घातले, सलाईन लावली आणि ४०,००० रुपये डिपॉझिट भरायला सांगितलं. पैसे ऑनलाइन गेले. त्यानंतर पेशंटला उलटी झाली, तो गुंगू लागला. “न्यूरोसर्जन सर निघालेत”, “सीटी स्कॅनचा टेक्निशियन येतोय”, “मशीन गरम व्हायला वेळ लागतो” या तीन वाक्यांवर अडीच तास काढले.

यातली खरी फसवणूक पैशांची नाही, वेळेची आहे. डोक्याला मार लागून कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव सुरू झाला, तर पेशंट सुरुवातीला अगदी नीट बोलू शकतो. रक्ताची गाठ वाढते तसा मेंदूवर दाब येतो. मग उलटी, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी होणं, एका बाजूचे हातपाय ढिले पडणं. मॅनिटॉल या औषधाची बाटली हा दाब थोडा वेळ आवरते, गाठ काढत नाही. ती काढायला ऑपरेशनच लागतं आणि त्यासाठी आधी सीटी. डोक्याचा साधा सीटी काढायला काही मिनिटं पुरतात. मशीन गरम व्हायलाही तास लागत नाही. तास लागतात ते घरी झोपलेल्या टेक्निशियनला बोलावून आणायला, किंवा मशीनच दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर.

म्हणून कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या दारात, पैसे भरण्याआधी, तीनच गोष्टी विचाराव्यात. सीटी याच इमारतीत आहे का आणि टेक्निशियन आत्ता हजर आहे का? सर्जन आणि भूलतज्ज्ञ इमारतीत आहेत की ऑन कॉल? ऑन कॉल असतील तर किती मिनिटांत पोचतील? रक्त कुठून येणार? उत्तर “येतायत, होईल” असं आलं तर प्रथमोपचार करून घ्यावेत आणि लगेच पुढे निघायची तयारी करावी. तेवढ्या वेळात मानेला कॉलर, वाहतं रक्त दाबून बांधणं, सलाईन, ऑक्सिजन एवढं कुठल्याही हॉस्पिटलनं केलंच पाहिजे. डिपॉझिटसाठी तातडीचे उपचार अडवता येत नाहीत. पोलीस केससाठीही ते अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलेलं आहे.

पहाटे दोनला या कुटुंबाला सांगण्यात आलं की पेशंट गंभीर आहे, मुंबईला न्या, आमची कार्डियाक रुग्णवाहिका तयार आहे. नाशिकमध्येच डोक्याची ऑपरेशन होतात, हे कोणी सांगितलं नाही. पेशंटच्या मामेभावानं गाडीत डोकावून सिलिंडरचा काटा बघितला. तो लाल पट्ट्यात होता. व्हेंटिलेटरच्या जागी रिकामं स्टँड, आणि सोबत डॉक्टर कोणीच नाही.

हा काटा बघायला प्रत्येकानं शिकावं. रुग्णवाहिकेतला बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर काटा साधारण १५० वर असतो आणि आत सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर तो अडीच तास पुरतो. काटा ७५ वर म्हणजे सव्वा तास. कसारा घाट आणि भिवंडीची वाहतूक धरून मुंबईला चार तास लागू शकतात, म्हणजे २,४०० लिटर. एका सिलिंडरवर निघणं म्हणजे वाटेत ऑक्सिजन संपवणं. दोन भरलेले सिलिंडर, घशातलं रक्त-उलटी ओढून काढणारं चालू सक्शन मशीन, हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आणि ती वापरता येणारा माणूस बघितल्याशिवाय पेशंट चढवू नये.

मामेभावानं मुंबईला नकार देऊन १०८ ला फोन केला. ही सेवा राज्यात २०१४ पासून चालू आहे, फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. शहरातल्याच दुसऱ्या हॉस्पिटलात सीटी झाला, गाठ दिसली, पहाटेच ऑपरेशन झालं. जीव वाचला. उजवा हात अजून नीट उचलत नाही.

पहिल्या हॉस्पिटलचं बिल वाचण्यासारखं आहे. आयसीयूचा पूर्ण दिवस, न्यूरोसर्जन व्हिजिट, व्हेंटिलेटर चार्ज. सर्जन आलाच नव्हता, व्हेंटिलेटर लागलाच नव्हता. रेफर करतानाच्या चिठ्ठीवर वेळ लिहिलेली नव्हती.

निघताना रेफरल चिठ्ठी घ्यावीच. तिच्यावर येण्याची आणि जाण्याची वेळ, शुद्धीचा स्कोअर, बाहुल्यांची नोंद, दिलेली औषधं आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. केसपेपरची प्रत लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरला बंधनकारक आहे. रस्ते अपघातात ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार कॅशलेस मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी १५५३८८ वर विचारावं, किंवा हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला गाठावं. त्या रात्री काउंटरवर या दोन्हींचं नावही कोणी काढलं नाही.

खासगी हॉस्पिटलनं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असे राज्याचे २०२१ चे नियम आहेत. पालिका हद्दीतली तक्रार महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे करायची, भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि तिथली मुदत दोन वर्षांची. पण कॅज्युअल्टीच्या सीसीटीव्हीचं चित्रण दोन वर्षं टिकत नाही, काही दिवसांत त्यावर नवं चढतं. डॉक्टर आला की नाही हे दाखवणारा तोच पुरावा असतो. ते जपून ठेवा असा लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का मारून घ्यावा.